नवा ओटा बांधताना गॅसची शेगडी कशी निवडाल?



ऊसबिलाचा हप्ता हाती आला की बऱ्याच घरी स्वयंपाकघराचं काम निघतं. गवंडी ओटा बांधतो, वर फरशी बसवतो आणि शेगडी मात्र शेवटी येते. खरं तर उलट करावं. शेगडी आधी ठरवा, ओटा तिच्या मापानं बांधा.

१) दुकानात भाकरीचा तवा आणि आमटीचं मोठं पातेलं बरोबर न्या. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून बघा. कडा एकमेकांवर चढत असतील तर चार बर्नर असूनही वापरात दोनच येतात.

२) काचेची शेगडी दिसायला छान, पण जड भांडं आपटलं तर काच फुटू शकते. पै-पाहुण्यांचा मोठा स्वयंपाक असेल तर स्टीलची बरी. ओट्याची फरशी कापून आत बसवायची शेगडी घेतली, तर पुढं बदलताना त्याच मापाची शोधावी लागते.

३) ओट्याच्या उंचीत शेगडीची उंची धरा. नाहीतर भाकऱ्या करताना खांदे भरून येतात.

४) टाकीतला गॅस हवेपेक्षा जड. गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून टाकी ओट्याखाली बंद कपाटात ठेवणार असाल तर तळाशी हवा खेळायला जाळी ठेवा. विजेचं बटण तिथं नको. टाकी उभीच ठेवा, शेगडी तिच्यापेक्षा वर असू द्या. खिडकीसमोर शेगडी नको. वाऱ्यानं जाळ विझतो आणि गॅस चालूच राहतो.

५) शेगडीवर आय.एस.आय. शिक्का पाहा. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको. तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांत बदला. चीर दिसली तर लगेच.

६) गोबरगॅसची शेगडी टाकीच्या गॅसला जोडू नका. गोबरगॅसचा दाब आणि उष्णता कमी, म्हणून तिच्या जेटचं भोक मोठं असतं. टाकीच्या गॅसवर तिचा जाळ बेताबाहेर भडकतो.

जाळ निळा हवा. पिवळा होऊन भांड्याला काजळी धरली, तर बर्नरची भोकं साफ करा. तरी न सुटल्यास कारागिराला दाखवा.

आणि शेवटचं, पण महत्त्वाचं: शेगडी घ्यायला एकट्यानं जाऊ नका. जी माउली रोज तिच्यापुढं उभी राहणार, तिला बरोबर न्या आणि तिचंच ऐका.