मोबाइलच्या पडद्याचा उजेड आपोआप कमीजास्त का होतो?

धरणगाव परिसरातील कपाशीच्या शेतात भर दुपारी मोबाइल खिशातून काढला, तर त्याचा पडदा प्रथम काळवंडलेला दिसतो व थोड्याच वेळात उजळतो. तोच मोबाइल बांधावरील निंबाच्या दाट सावलीत नेला, की काही सेकंदांनी त्याचा उजेड उतरू लागतो. रात्री अंथरुणावर पाहिल्यास तो आणखी मंद झालेला आढळतो. यासाठी कोणी बटन दाबलेले नसते. काही शेतकऱ्यांना हा बिघाड वाटतो. काही जण ही सोय बंद करून पडदा कायम पूर्ण उजेडावर ठेवतात. वस्तुतः हा बिघाड नसून डोळा व बॅटरी या दोहोंची काळजी घेणारी योजना आहे. ती नीट समजून घेतल्यास दिवसा काम सुकर होते आणि रात्री शेतात जाताना एक धोकाही टळतो.

मोबाइल आता शेतीच्या अवजारांपैकीच एक झाला आहे. हवामानाचा अंदाज, बाजारभाव, औषधाच्या प्रमाणाविषयीचा संदेश हे सर्व त्यावरच येते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीची पद्धत सुरू झाली. तेव्हापासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढावयाचे व पिकाची नोंद करावयाची असते. अशा वेळी पडद्यावरील अक्षर उन्हात स्पष्ट दिसणे अत्यंत आवश्यक असते. औषधाच्या प्रमाणातील एखादा अंक चुकीचा वाचला गेला, तर पिकाचे व फवारणाऱ्याचे, दोघांचेही नुकसान होऊ शकते.

उजेडाचे माप

उजेड मोजण्याच्या एककास लक्स असे म्हणतात. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावरील पृष्ठभागावर जेवढा उजेड पाडते, तो सुमारे एक लक्स होय. रात्री दिवा लावलेल्या खोलीत साधारणतः शंभर लक्स उजेड असतो. दिवसा झाडाच्या सावलीत तो काही हजार लक्सपर्यंत जातो, आणि दुपारच्या प्रत्यक्ष उन्हात सुमारे १,००,००० लक्सपर्यंत पोहोचतो. याउलट पौर्णिमेच्या चांदण्यात तो पाव लक्सच्या आसपास असतो. म्हणजे दुपारचे ऊन पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा सुमारे चार लाख पट प्रखर असते.

एवढा मोठा फरक मनुष्याचा डोळा सहज पेलतो. डोळ्यातील बाहुली उन्हात आकुंचन पावून सुमारे दोन मिलिमीटर होते, तर अंधारात ती तरुण माणसात आठ मिलिमीटरपर्यंत विस्तारते. त्यामुळे आत जाणारा प्रकाश सोळा पटींपर्यंत वाढतो. उरलेले काम डोळ्याच्या मागील पटलातील पेशी करतात. मोबाइलच्या पडद्यास मात्र स्वतःचा उजेड बाहेरच्या उजेडाप्रमाणे बदलावा लागतो. तो न बदलल्यास उन्हात अक्षर दिसणार नाही व अंधारात डोळे दिपतील.

उन्हात अक्षर का दिसत नाही

पडद्यावरील काच आरशाप्रमाणे, परंतु अल्प प्रमाणात, बाहेरचा प्रकाश परत पाठवते. साध्या काचेच्या पृष्ठभागावरून शेकडा सुमारे चार भाग प्रकाश परावर्तित होतो. घरात हे प्रमाण जाणवत नाही. शेतात मात्र तेजस्वी आकाश, पांढरे ढग आणि वापरणाऱ्याचा पांढरा सदरा यांचे प्रतिबिंब पडद्यावर पडते, आणि हा परतणारा प्रकाश पडद्याच्या स्वतःच्या प्रकाशाशी स्पर्धा करू लागतो.

शाळेतील पाटीचे उदाहरण घेतल्यास हे चटकन समजेल. स्वच्छ काळ्या पाटीवरील पांढरे अक्षर ठळक दिसते. तीच पाटी खडूच्या भुकटीने माखली, तर अक्षर तेवढेच पांढरे असूनही वाचता येत नाही, कारण अक्षर व पाटी यांतील फरक नाहीसा होतो. ऊन मोबाइलच्या पडद्यावर अशीच जणू भुकटी पसरते. त्यावर उपाय दोन: पडद्याचा उजेड वाढवणे, किंवा पडद्यावर पडणारा बाहेरचा प्रकाश अडवणे. पहिला उपाय मोबाइल स्वतः करतो. दुसरा वापरणाऱ्याने करावयाचा असतो.

पडद्यास उजेड कसा कळतो

मोबाइलच्या वरच्या कडेस, बहुधा पुढील कॅमेऱ्याच्या शेजारी, प्रकाश ओळखणारा एक बारीक भाग बसवलेला असतो. त्यास प्रकाश-सेन्सर म्हणतात. काही मोबाइलांत तो पडद्याच्या आतच असतो. हा सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा असून त्यावर प्रकाश पडताच त्यातून अत्यल्प वीजप्रवाह वाहतो. प्रकाश अधिक, तर प्रवाह अधिक. शेतातील पंपास वीज पुरवणारे सौर पॅनेलही याच गुणधर्मावर चालते. पॅनेल त्या विजेने मोटार चालवते, सेन्सर त्याच विजेने उजेड मोजतो, एवढाच भेद.

प्रकाशामुळे पदार्थाचे विद्युत्-गुणधर्म बदलतात, ही गोष्ट नवी नाही. सेलेनियम या मूलद्रव्यातून उजेडात वीज अधिक सुलभतेने वाहते, हे इंग्लंडमधील विलोबी स्मिथ यांनी १८७३ मध्येच प्रसिद्ध केले होते. पुढे छायाचित्रकारांची प्रकाशमापके सेलेनियमवर चालत. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये प्रकाश-सेन्सर होता; आता साध्या किमतीच्या मोबाइलांतही तो बहुधा असतो.

सेन्सरने दिलेल्या आकड्यावरून किती उजेड ठेवावा, हे मोबाइलमधील संगणक ठरवतो. येथे डोळ्याचा स्वभाव लक्षात घेतलेला असतो. अंधाऱ्या खोलीत एक दिवा लावल्यास फार मोठा फरक जाणवतो, पण तोच दिवा दुपारी अंगणात लावल्यास कोणाच्या ध्यानातही येत नाही. डोळा उजेडातील नुसती वाढ पाहत नाही, तर तो किती पटीने वाढला ते पाहतो. म्हणून पडद्याचा उजेडही त्याच हिशेबाने बदलला जातो. वापरणारा हाताने उजेड कमीजास्त करत राहिल्यास त्याची आवड लक्षात ठेवण्याची व्यवस्था अँड्रॉइड प्रणालीत २०१८ पासून आली आहे.

श्रावणातील ऊनसावली

धरणगाव ही कवी बालकवी यांची जन्मभूमी. १८९० साली येथे जन्मलेल्या या कवीने श्रावणातील ऊनपावसाच्या खेळाचे केलेले वर्णन सर्वपरिचित आहे. त्या दिवसांत घडीघडीला ऊन व ढग यांची अदलाबदल होत असते. प्रत्येक ढगासरशी पडदा उजळू-विझू लागला, तर वाचणाऱ्याचे डोळे त्रासून जातील. याकरिता मोबाइल थोडा थांबतो. उजेडात झालेला बदल काही सेकंद टिकला, तरच तो पडद्यात फरक करतो. सामान्यतः उजेड वाढवण्याची क्रिया लवकर व कमी करण्याची क्रिया सावकाश होते. उन्हात अक्षर न दिसणे अधिक अडचणीचे, म्हणून ही मांडणी.

उन्हाळ्यातील उष्णता

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. पूर्वहंगामी कपाशीच्या लागवडीची लगबग त्याच सुमारास असते. अशा दिवसांत उन्हात धरलेला मोबाइल प्रथम पूर्ण उजळून नंतर एकाएकी मंद होताना आढळतो. हा सेन्सरचा दोष नव्हे. प्रखर उजेडामुळे पडदा स्वतः तापतो, त्यात उन्हाची भर पडते आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. काही उत्पादक ३५ अंशांपर्यंतचेच तापमान वापरास योग्य मानतात. म्हणून मर्यादेपलीकडे तापताच मोबाइल उजेड उतरवून स्वतःस वाचवतो. अशा वेळी त्यास सावलीत ठेवून निवू द्यावे. गार पाण्यात किंवा फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण आत दव धरून तो कायमचा निकामी होण्याचा संभव असतो.

रात्रीचे पाणी भरणे

जेथे पंपास रात्रपाळीची वीज मिळते, तेथे शेतकऱ्यास अंधारात शेतात जावे लागते. मोटार चालू झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो आणि तो पाहतपाहतच पाऊल टाकले जाते. धोका नेमका येथे आहे.

डोळा अंधारास पूर्ण सरावण्यास सुमारे अर्धा तास लागतो. परंतु प्रखर पडद्याकडे थोडा वेळ पाहिले, तरी हा सराव मोडतो आणि नजर वर केल्यावर समोर काळोखाखेरीज काही दिसत नाही. मण्यार व घोणस हे विषारी साप मुख्यतः रात्री हिंडतात. उघडी विहीर, मोकळी पडलेली वायर आणि निसरडा बांध हेही त्याच काळोखात असतात. उतरत्या वयात बाहुली पुरेशी विस्तारत नाही, म्हणून वडीलधाऱ्या माणसांना हा धोका अधिक. पडदा पूर्ण उजेडावर कायम ठेवण्याची सवय रात्री अशी अंगलट येऊ शकते. स्वयंचलित योजना चालू असल्यास पडदा मंद राहतो व डोळ्याचा सराव कमी मोडतो. तथापि दिवा असलेल्या मोटारघरातून बाहेर पडल्यावर पडद्याचा उजेड उतरण्यास काही सेकंद लागतात, हे विसरू नये. शिवाय मंद पडदाही बॅटरीच्या प्रकाशाची जागा घेऊ शकत नाही.

शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ऑटो ब्राइटनेस किंवा अडॅप्टिव्ह ब्राइटनेस ही सोय चालू ठेवावी. अनेक मोबाइलांत उन्हातील कमाल उजेड ही सोय चालू असतानाच मिळतो.

२. पडद्याची वरची कड मऊ, कोरड्या फडक्याने पुसावी. काळ्या मातीची धूळ, फवाऱ्याचे थेंब किंवा चुकीची बसवलेली जादा काच सेन्सरवर आल्यास मोबाइलला दिवसाही अंधार भासतो.

३. छायाचित्रासाठी मोबाइल आडवा धरताना अंगठा सेन्सरवर येणार नाही, अशी काळजी घ्यावी.

४. सूर्याकडे तोंड करून पडदा पाहू नये. त्या स्थितीत सेन्सर मोबाइलच्याच सावलीत येतो, उजेड कमी ठेवला जातो आणि समोरच्या तेजाने दिपलेल्या डोळ्यांना पडदा अधिकच काळा दिसतो. सूर्य पाठीशी घ्यावा व आपल्या अंगाची सावली पडद्यावर पाडावी. औषधाचे प्रमाण शक्यतो झाडाखाली उभे राहून वाचावे.

५. मोबाइल ट्रॅक्टरवर किंवा बांधावर उन्हात ठेवू नये. तापलेला असताना चार्जिंगला लावू नये.

६. रात्री शेतात चालताना मोबाइल खिशात ठेवावा, हाती बॅटरी व पायात उंच बूट असावेत. संदेश पाहावयाचा असल्यास जागीच थांबून पाहावा आणि बॅटरीच्या प्रकाशात पुढची जमीन दिसल्यावरच पाऊल उचलावे.

सेन्सर ठीक आहे की नाही, हे घरीच तपासता येते. सोय चालू ठेवून मोबाइल चांगल्या उजेडात धरावा, वरची कड बोटाने झाकावी व दहा-पंधरापर्यंत अंक मोजावेत. पडदा मंद होऊन बोट काढताच पुन्हा उजळला, तर सेन्सर चांगला आहे असे समजावे. पडद्याचा उजेड हा बॅटरी खर्च करणाऱ्या मुख्य बाबींपैकी एक असल्याने, ही सोय नीट चालली म्हणजे सकाळी भरलेली बॅटरी अधिक काळ टिकते आणि शेवटच्या गटातील पिकाची नोंद होईपर्यंत मोबाइल साथ देतो.