हद्दीच्या मोरीवर थांबलेली गाडी

नगर हवेलीतल्या किलवणीत राहणाऱ्याची सोयरीक बहुधा तीन कारभारांत पसरलेली असते. माझी मुलगी महाराष्ट्रात तलासरी तालुक्यात दिलेली, भाचा गुजरातेत वापीच्या कारखान्यात, आणि मी दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशातला निवृत्त शिक्षक. नगर हवेलीच्या एका अंगाला गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा पालघर. दादरा आमच्याच नावात असून गुजरातच्या जमिनीने आमच्यापासून तोडलेला, तर मेघवळ हे गुजरातचं गाव नगर हवेलीच्या पोटात. लग्नाला, बाजाराला, दवाखान्याला जाताना ही हद्द कुणाच्या ध्यानातही येत नाही. संकटात मात्र ती आडवी येते. मी ती आडवी आलेली पाहिली आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढात झड लागली होती. मुलीच्या सासरच्या पाड्यावर रात्री एका घराची विटांची भिंत कोसळली आणि घरमालक कमरेखाली अडकला. त्यांच्या बाजूची रुग्णवाहिका नाल्याला पाणी आल्यामुळे पलीकडेच अडकलेली. व्याह्यांनी मला फोन केला, कारण त्यांच्या पाड्याला तालुक्याच्या गावापेक्षा आमचं सिल्वासा जवळ. मी आमच्या बाजूला कळवलं. गाडी लगेच निघाली, भिंत उचलायचं सामान आणि माणसं घेऊन. वाट दाखवायला मी बरोबर बसलो. हद्दीवरच्या मोरीपाशी चालकाने गाडी उभी केली.

“गुरुजी, इथून पुढे आपली हद्द नाही. गाडी घालायची तर वरून हुकूम लागेल.”

त्याने साहेबांना फोन लावला, साहेबांनी त्यांच्या साहेबांना. उत्तर आलं की पलीकडच्या अधिकाऱ्याने मदत मागितल्याचं पत्र हवं. पलीकडे ते पत्र कुणी द्यायचं आणि कुणाच्या नावे, हे कुणालाच सांगता येईना. तोवर पाड्यावरच्या माणसांनी पहारी लावून भिंत हलवली, जखमीला बाजेवर घातलं आणि पावसातून खांद्यावर मोरीपर्यंत आणलं. सिल्वासाच्या रुग्णालयात डॉक्टरांनी त्याचं राज्य विचारलं नाही, सरळ शस्त्रक्रियेला घेतलं. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. रक्तपुरवठा फार वेळ तुटला होता, असं त्यांनी सांगितलं.

मी त्या चालकावर रागावलो नाही, कारण परतताना तो जे बोलला ते आजही मला पटतं. त्याच्या ओळखीचा एक चालक असाच हद्दीपलीकडे गेला होता. गाडी घसरली, त्याला मार लागला. रजा बिनपगारी धरली गेली आणि दुरुस्तीच्या खर्चावरून चौकशी लागली. “आम्हाला जायचंच असतं हो,” तो म्हणाला, “पण पलीकडे मला काही झालं, तर मी ड्यूटीवर होतो असं कोण लिहून देणार?”

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर संकटाच्या रात्री देता येत नाही. ते आधी, कोरड्या दिवसांत, कागदावर लिहून ठेवावं लागतं.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने राज्याराज्यांत प्राधिकरणं नेमली. जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष, आमच्यासारख्या प्रदेशात प्रशासक. सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल अधिकारी-कर्मचाऱ्यांना त्याच्या कलम ७३ चं संरक्षणही आहे. पण शेजारच्या जिल्ह्यात गेलेल्या गाडीचं डिझेल कोणत्या खात्यातून घालायचं, जखमी कर्मचाऱ्याची भरपाई कुणी द्यायची, तिथे हुकूम कुणाचा चालायचा, या प्रश्नांना दोन्ही बाजूंनी आपसात लिहिलेला करारच उत्तर देऊ शकतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, आणि ते हद्द मानत नाही हे खरं. पण त्याच्या आम्हाला जवळच्या बटालियनची मुख्यालयं म्हणजे पुण्याजवळचं सुदुंबरे आणि वडोदऱ्याजवळचं जरोद. भिंतीखाली अडकलेल्या माणसाचे पहिले तास शेजाऱ्याच्याच हातात असतात.

अमेरिकेतली राज्यं हे मोठी किंमत देऊन शिकली. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी आपसात करार केला, त्याचा विस्तार झाला आणि १९९६ मध्ये तिथल्या संसदेने त्याला मान्यता दिली. त्यातली कलमं ऐकली की मला आमचा चालक आठवतो. मदत मागणाऱ्या राज्याने खर्च भरून द्यायचा. गेलेला कर्मचारी जखमी झाला तर भरपाई त्याच्या स्वतःच्या राज्याने द्यायची. एका राज्याचा डॉक्टरी वा तांत्रिक परवाना दुसऱ्यात चालायचा. तोंडी मागणी पुरेशी, लेखी मागाहून. २००५ च्या कत्रिना आणि रिटा वादळांत या कराराखाली साठ हजारांहून जास्त माणसं दुसऱ्या राज्यांतून मदतीला गेली.

आपल्याकडे शेजारधर्म नाही असं कुणी म्हणू नये. वापी, दमण, सिल्वासा इथे कारखान्याला मोठी आग लागली की तिन्हीकडचे बंब एकमेकांच्या मदतीला धावतात. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून निघालेली ऑक्सिजनची रेल्वे विशाखापट्टणमहून टँकर भरून महाराष्ट्रात आली. कृष्णेच्या २०१९ च्या महापुरानंतर अलमट्टी धरणाच्या पाण्यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक बोलू लागले. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले ते धरणांची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना मिळावी म्हणून. आमच्या दमणगंगेचंही तेच दुखणं आहे. पाऊस नाशिककडच्या डोंगरात, मधुबन धरणाचे दरवाजे गुजरातच्या ताब्यात, आणि पाणी शिरतं सिल्वासा, वापी, दमणच्या घरांत. कारखाने आणि धरणं मोठी असल्याने त्यांच्यासाठी साहेबलोक एकमेकांना फोन करतात. पाड्यावरच्या भिंतीसाठी फोन कुणी करायचा हे ठरलेलं नाही, आणि तेच ठरवून घ्यायला हवं.

म्हणून हद्दीवरच्या गावांनी ग्रामसभेत ठराव करून आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे एका साध्या कराराची मागणी करावी. जाडजूड आराखडा नको, दोन्हीकडच्या सह्यांचं एक पान पुरे. माणसांची नावं नकोत, पदं लिहा, बदल्या होतात. फोनवरची मागणी ग्राह्य, पत्र दुसऱ्या दिवशी. पलीकडे गेलेला कर्मचारी पूर्ण वेळ आपल्याच खात्याच्या ड्यूटीवर धरला जाईल, हे वाक्य सगळ्यात वर. घटनास्थळी हुकूम स्थानिक अधिकाऱ्याचा, गाडी परत बोलवायचा हक्क पाठवणाऱ्याचा. खर्च मागणाऱ्याने द्यावा. जिल्ह्याच्या पातळीवर अडलं, तर पश्चिम विभागीय परिषद आहे. महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि आमचा प्रदेश तिचे सदस्य. २०२२ मध्ये ती दीवला बसली, २०२५ मध्ये पुण्यात. तिच्यासमोर हा विषय जावा म्हणून लेखी आग्रह धरा.

घरच्यांसाठीही थोडं सांगतो. हद्दीजवळ १०८ किंवा ११२ लावला तर फोन ज्या टॉवरला लागेल त्या राज्यात वाजतो. म्हणून आधी राज्य, तालुका, मग पाडा सांगा; दुखापत त्यानंतर. सिल्वासा, वापी आणि दमणचा एसटीडी कोड एकच आहे, ०२६०. त्यामुळे जिल्हा नियंत्रण कक्षाच्या नुसत्या १०७७ वर विसंबू नका, दोन्ही जिल्ह्यांच्या नियंत्रण कक्षांचे पूर्ण क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. तातडीच्या रुग्णावर, पोलिसांचा कागद नसला तरी, आधी उपचार करावेच लागतात. सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच ते सांगितलं आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला आणणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे. दखलपात्र गुन्हा पलीकडच्या हद्दीत घडला असेल तरी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. आयुष्मान कार्ड योजनेतल्या रुग्णालयात देशभर चालतं; राज्याच्या स्वतःच्या योजनेचं तसं नसतं, ते आधीच विचारून ठेवा.

आणि करार झाला तरी मे महिन्यात दोन्हीकडच्या चालकांना एकदा पलीकडच्या रस्त्यांवर गाडी फिरवायला लावा. कोणता नाला आधी भरतो, कोणत्या फाट्यावर मोठी गाडी वळत नाही, कोणत्या पाड्यावर फोनला रेंज नाही, हे त्यांना तिथली माणसंच दाखवतील.