‘कानडा’ : एका विशेषणाचा अर्थप्रवास

मराठी संतवाङ्मयातील काही विशेषणे अशी आहेत, की ती सर्वांच्या ओठांवर असूनही त्यांचा नेमका अर्थ विचारला असता अभ्यासकही क्षणभर थांबतो. ‘कानडा’ हे असेच एक विशेषण होय. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या ‘पांडुरंगकांती’च्या प्रसिद्ध अभंगात ते विठ्ठलाला लावलेले आहे. पुढे ग. दि. माडगूळकरांच्या ‘कानडा राजा पंढरीचा’ या गीताने ते घरोघर पोचविले. तथापि, या शब्दाचा अर्थ लावताना अभ्यासकांत दोन तट पडलेले दिसतात. एक तट ‘कानडा’ म्हणजे ‘कर्नाटकातील’ असे मानतो. दुसरा ‘अगम्य, अनाकलनीय’ असा अर्थ करतो. हे दोन अर्थ परस्परांना छेद देणारे आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

प्रथम शब्दाचे रूप पाहू. ‘कर्णाट’, ‘कन्नड’ आणि ‘कानडा’ ही एकाच शब्दकुळातील रूपे होत. मराठीत ‘कानडा’ हे विकारी विशेषण आहे. कानडा, कानडी, कानडे अशी त्याची लिंगानुसार रूपे होतात. आजच्या मराठीत मात्र ही व्यवस्था मोडली आहे. ‘कानडी’ हे रूप अविकारी झाले असून ‘कानडी माणूस’, ‘कानडी भाषा’, ‘कानडी मुलूख’ असा सरसकट प्रयोग होतो. शासकीय व शैक्षणिक व्यवहारात ‘कन्नड’ हा शब्द रूढ झाला आहे. परिणामी ‘कानडा’ हे पुल्लिंगी रूप दोनच ठिकाणी टिकून राहिले : एक विठ्ठलाच्या नावामागे आणि दुसरे दरबारी कानडा, नायकी कानडा इत्यादी रागनामांत. ‘कानडा शेजारी’ असे आज कोणी म्हणत नाही. व्यवहारातून निवृत्त झाल्यामुळेच या रूपाला गूढतेचे वलय प्राप्त झाले. म्हणून आजच्या कानाला जे गूढ वाटते, ते तेराव्या शतकातील श्रोत्यालाही तसेच वाटत होते, असे गृहीत धरता येत नाही.

२

तेराव्या शतकात या शब्दाचा भौगोलिक अर्थ पूर्णपणे जिवंत होता. चक्रधरांनी आपल्या शिष्यांना कानडदेशी व तेलंगदेशी जाऊ नये, महाराष्ट्रातच राहावे, अशी आज्ञा केल्याचे महानुभाव सूत्रपाठात नमूद आहे. म्हणजे ‘कानड’ हा एक ओळखता येणारा प्रदेश होता, आणि तो महाराष्ट्राहून वेगळा मानला जात होता.

परंतु पंढरपूर-सोलापूरच्या परिसरात ही सीमा रेषेसारखी स्पष्ट नव्हती. नवव्या शतकातील ‘कविराजमार्ग’ हा कन्नड ग्रंथ कन्नड भूमीचा विस्तार कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो. सोन्नलिगे म्हणजे आजचे सोलापूर, ही बाराव्या शतकातील वचनकार सिद्धरामेश्वरांची कर्मभूमी होय. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. मंगळवेढे ही कलचुरींची राजधानी होती आणि बसवेश्वरांच्या जीवनाशी तिचा संबंध आहे. त्याच मंगळवेढ्याशी चोखामेळ्याचे नाव निगडित आहे. दुसरीकडे, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० (इ. स. १०१८) चा मराठी लेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी प्रकाशात आणला. मराठीच्या प्राचीनतम ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. कन्नड शिलालेखांनी समृद्ध असलेल्या भूमीतच मराठीचा हा आरंभीचा पुरावा सापडावा, ही गोष्ट सूचक आहे.

खुद्द पंढरपूरच्या मंदिराचा इतिहासही असाच संमिश्र आहे. शके ११५९ (इ. स. १२३७) च्या शिलालेखात होयसळ राजा सोमेश्वर याने विठ्ठलाच्या उपचारांसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. त्यानंतर काही दशकांनी, इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील ‘चौऱ्यांशीचा लेख’ यादव रामचंद्राच्या कारकीर्दीतील देणग्यांची नोंद करतो. दक्षिणेकडील आणि उत्तरेकडील अशा दोन्ही राजसत्तांनी ज्या देवाला मानले, त्याला ‘कानडा’ म्हणणे हे तत्कालीन श्रोत्याला चमत्कारिक वाटण्याचे कारण नव्हते. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या या दाक्षिणात्य पार्श्वभूमीची साधार चिकित्सा केलेली आहे.

३

असे असले तरी केवळ भौगोलिक अर्थाने अभंगाचा उलगडा होत नाही. ज्ञानदेवांच्या अभंगात ‘कानडा’ या विशेषणालगतच ‘कर्नाटकु’ हा शब्द येतो. दोहोंचा अर्थ एकच असेल तर ती निव्वळ द्विरुक्ती ठरेल. कीर्तनपरंपरेने ही अडचण ओळखून ‘कर्नाटकु’चा ‘नाटक करणारा, लीलालाघवी’ असा अर्थ लावला आणि ‘कानडा’चा ‘अगम्य’ असा. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पहिला अर्थ ओढूनताणून आणलेला वाटतो. परंतु त्यामागील वाचन मात्र डोळस आहे. कारण त्या अभंगातील पुढील सर्व अनुभव आकलनाच्या पलीकडे जाण्याचाच आहे. पाया पडू जावे तर पाऊल सापडत नाही. आलिंगन द्यावे तर आपण एकटेच उरतो. आणि संभाषण घडते ते शब्दांवाचून. ज्याची भाषा कळत नाही त्याच्याशी घडलेला हा संवाद आहे.

येथे दोन अर्थांमधला दुवा हाती लागतो. तो दुवा म्हणजे भाषा. कर्नाटकातला म्हणून कन्नड बोलणारा. कन्नड बोलणारा म्हणून मराठी कानाला न उमगणारा. आणि न उमगणारा म्हणून अगम्य, अशी ही अर्थाची साखळी आहे. दुसरा अर्थ पहिल्याला पर्याय म्हणून आलेला नाही. तो पहिल्याच्या पोटातून जन्मला आहे.

या साखळीची मधली कडी तुकारामांच्या एका अभंगात स्पष्ट दिसते. कानडी स्त्रीने मराठा नवरा केला आणि एकाचे बोलणे दुसऱ्याला कळेना, असा तो दृष्टान्त आहे. ती जवळ बोलावते, तर तो भलताच अर्थ घेऊन दूर पळतो. अशी गत आपली करू नको, सज्जनांची संगती दे, असे मागणे तुकाराम देवापाशी मागतात. ज्ञानदेवांच्या अभंगात शब्द नाहीत, पण संवाद आहे. तुकारामांच्या दृष्टान्तात शब्द आहेत, पण संवाद नाही. एकाच भाषिक वास्तवाचे हे दोन विरुद्ध उपयोग आहेत.

एकनाथांच्या गाथेतील एका अभंगात तीर्थ, देव, क्षेत्र आणि भक्त या सर्वांनाच ‘कानडे’ म्हटले आहे. मात्र त्याच ठिकाणी पुंडलिकाने ते ‘उघडे’ करून उभे केल्याचाही उल्लेख येतो. ‘उघडे’ या शब्दाशी यमकाने बांधले गेल्यामुळे ‘कानडे’ला ‘झाकलेले, गूढ’ ही छटा आपोआप लाभते. प्रदेशवाचक अर्थ नाहीसा झालेला नाही, पण लाक्षणिक अर्थ आता त्याच्या बरोबरीने उभा आहे.

४

परभाषेच्या दुर्बोधतेवरून शब्द घडणे ही गोष्ट इतरत्रही आढळते. संस्कृतातील ‘म्लेच्छ’ शब्दाच्या मुळाशी अस्पष्ट बोलण्याची कल्पना आहे. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ हा शब्दही न समजणाऱ्या बडबडीच्या अनुकरणातून आला. मात्र या दोन्ही शब्दांत न कळणाऱ्याविषयी तुच्छता साठत गेली. ‘कानडा’च्या बाबतीत उलट घडले. जे कळत नाही ते हीन न ठरता पूज्य ठरले. याचे कारण या शब्दाच्या भूमीत शोधावे लागते. भीमेच्या काठी कन्नड ही दूरदेशीच्या परक्याची भाषा नव्हती. ती शेजाऱ्याची, सहयात्रेकरूची भाषा होती. ती पूर्ण कळत नसली तरी तिचा सूर ओळखीचा होता. परिचित असूनही हाती न लागणारा, हा अनुभव सांगण्यास याहून समर्पक विशेषण मिळणे कठीण होते.

भाषावार प्रांतरचनेनंतर या शब्दाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९६७ च्या महाजन आयोगाने अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागातील गावे कर्नाटकास जोडण्याची शिफारस केली, आणि महाराष्ट्राने ती अमान्य केली. अशा वातावरणात ‘कानडा’चा अर्थ हा वादाचा विषय होणे स्वाभाविक होते. ‘अगम्य’ हा अर्थ पुढे करून विठ्ठलाचे कर्नाटकाशी असलेले नाते झाकता येते. आणि ‘कर्नाटकी’ एवढाच अर्थ मानून अभंगाला मालकी हक्काच्या पुराव्याचे रूप देता येते. दोन्ही वाचने शब्दाचा अर्धा भाग कापून टाकतात.

पदव्युत्तर वर्गात हा अभंग शिकविताना म्हणूनच ‘कानडा म्हणजे काय?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देण्याचा मोह टाळावयास हवा. कोशातील दोन अर्थ क्रमांक देऊन मांडले, की ते स्वतंत्र भासतात. अभंगात मात्र एक अर्थ दुसऱ्याच्या आधाराने उभा असतो. विठ्ठल कानडा आहे म्हणूनच तो कानडा आहे, असे म्हटले तर ती द्विरुक्ती नव्हे. पहिल्या ‘कानडा’त प्रदेश आहे, दुसऱ्यात अनुभव आहे, आणि त्या दोहोंच्या मध्ये एका सीमावर्ती समाजाचे शतकानुशतकांचे बोलणे-ऐकणे आहे.