चक्र नशिबाचं, निवड आपली

प्रश्न : ‘लक बी अ लँडलॉर्ड’ हा स्लॉट मशीनसारखा गेम सदोष आहे, तरी त्याला वेळ द्यावा का?

उत्तर : द्यावा, पण मोजून. गेम एकदा विकत घेतला की डावावर खरा पैसा लागत नाही. घरभाड्यापुरती नाणी जमवायची असतात. प्रत्येक फिरकीनंतर मशीनमध्ये भरायला तीन चिन्हांतून एक निवडता येतं, आणि इथेच विचाराला वाव मिळतो. सूर्याशेजारच्या फुलाची किंमत पाचपट होते. म्हणून मशीनच्या २० घरांत फुलं किती भरायची, हे आपणच ठरवतो. हवं ते चिन्ह न आल्याने चांगला डाव फसतो, हा आक्षेप खरा आहे. पण पत्त्यांतही पानं वाईट येतात, तरी खेळणं आपल्या हाती असतं. फिरकीची चटक लागण्याची भीतीही रास्तच. म्हणून एक डाव संपला की थांबा. आणि जुगाराची सवय असेल, तर हा गेम उघडूच नका.