निवृत्त जवानाची मिरवणूक आणि विश्वकोश

प्रश्न : फौजेतून निवृत्त झालेल्या जवानाची आमच्याकडे वाजतगाजत मिरवणूक निघते. विश्वकोशात याची नोंद व्हावी का?
– एक वाचक, चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : जरूर व्हावी, पण आधारानिशी. उदाहरणार्थ, मराठा लाइट इन्फंट्रीची १७६८ साली उभी राहिलेली पहिली बटालियन ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाते. हे नाव लेखी इतिहासात आले, म्हणून कोशकाराचे काम सोपे झाले. उघड्या जीपवर गणवेशातला जवान, पुढे ढोलताशा, दारात आईने केलेले औक्षण हे मात्र अशा इतिहासात सहसा येतच नाही! सरकारी आदेश नसला तरी प्रथा खरीच असते. महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश अशा लोकरीतींनीही समृद्ध आहे. गाव, तारीख, छायाचित्र, वर्तमानपत्रातले कात्रण जपा. तूर्त स्वतंत्र नोंद नको. लष्करी परंपरांच्या नोंदीत एक परिच्छेद मागा.