रजोनिवृत्ती आणि स्मरणशक्ती

किल्ली कोठे ठेवली, दुकानात कशासाठी आलो होतो, असे प्रसंग पन्नाशीच्या सुमारास अनेक स्त्रियांवर वारंवार येतात. मग मनात भीती डोकावते : ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे?

भारतीय स्त्रियांना सरासरी 46 ते 47 व्या वर्षी रजोनिवृत्ती येते. या काळात अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूपच घटते. त्याचे कार्य केवळ प्रजननापुरते नसते. नव्या आठवणी घडविणाऱ्या मेंदूच्या भागावरही त्याचा प्रभाव असतो. म्हणूनच या संक्रमणकाळात नवे शब्द ध्यानात ठेवणे काहीसे जड जाते. रात्री अंगातून वाफा निघून झोपमोड होते, तिचाही यात वाटा असतो. हा मंदपणा रजोनिवृत्तीनंतर बहुधा ओसरतो, असे अमेरिकेतील एका दीर्घकालीन अभ्यासात 2009 मध्ये दिसून आले.

मग इस्ट्रोजेन बाहेरून दिले तर बुद्धी तल्लख राहील, असा तर्क एके काळी डॉक्टरही करीत. तर्क सरळ होता; पण तो टिकला नाही. अमेरिकेत 65 वर्षे व त्यावरील 4,532 स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांची गोळी, तर इतरांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. 2003 मध्ये निष्कर्ष आला : पहिल्या गटात 40 जणींना स्मृतिभ्रंश झाला, दुसऱ्या गटात 21 जणींना. अंगातील वाफांसाठी डॉक्टर आजही संप्रेरके देतात, स्मरणशक्तीसाठी नव्हे.

उतारवयात मात्र याच्या उलट चूक घडते. 'टेन सिक्स्टी-सिक्स' या आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने चेन्नई शहरात आणि वेल्लोरच्या ग्रामीण भागात वृद्धांची पाहणी केली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रचलित निकष लावले तर भारतात स्मृतिभ्रंशाचे रुग्ण फारच थोडे भरत. गटाच्या स्वतःच्या कसोटीने ते कितीतरी अधिक आढळले. याचे एक कारण आपल्या घरातच आहे. आजीचे ताट सून वाढते, औषध नातू देतो, पैशांचा व्यवहार मुलगा पाहतो. तिच्या विसरण्याने कोणाचेच अडत नाही, आणि 'वय झाले' म्हणून विषय संपतो.

वास्तविक थायरॉइडच्या विकारानेही विसर पडतो, 'ब-12' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात आणि दोन्हींवर उपचार आहेत.