पैसे कुणाच्या गल्ल्यात टाकायचे?

कुठून काय विकत घ्यायचं हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे, असं बहुतेक जण धरून चालतात. वर्धेत राहून मला तसं म्हणता येत नाही. ऑक्टोबर 1935 मध्ये अखिल भारत चरखा संघाची बैठक याच गावात झाली. सूत कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या चोख कामाचे इतके तरी पैसे मिळालेच पाहिजेत की त्यातून तिचं पुरेसं अन्न आणि अंगावरचे कपडे निघतील, असं तिथे ठरलं. तोवर खादी होईल तितकी स्वस्त करण्याची धडपड चालू होती आणि ती स्वस्ताई कातणारीच्या पोटाला चिमटा घेऊन येत होती. मजुरी वाढवली तर खादी महागेल, विक्री बसेल, ही कार्यकर्त्यांची भीती काही खोटी नव्हती. तरी गांधीजी हटले नाहीत. त्याच सुमारास जवळच्याच नालवाडीला विनोबांनी सूत कातून, त्या मजुरीत माणूस जगू शकतो का, हे स्वतःच करून पाहिलं.

इथल्याच मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचं काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा आणखी पुढे गेले. त्यांनी कोकोच्या डब्याचं उदाहरण दिलं आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सक्तीच्या मजुरीनं पिकलेला कोको, आरमाराच्या धाकाखालच्या समुद्रमार्गानं आलेला, सत्तेच्या जोरावर ठरवलेल्या जकातीत सूट मिळवून इथल्या दुकानात पोचलेला. तो डबा जो विकत घेतो, त्याचा या साऱ्यात वाटा आहे, असं ते म्हणत. आजही मगनवाडीवरून जाताना मला हा डबा आठवतो. वस्तू विकत घेताना तिच्यामागचं सगळं आपण विकत घेतो, हे इतक्या नेमकेपणानं क्वचितच कुणी सांगितलं असेल.

पण आपण दुकानात विचार घेऊन गेलो तरी दुकानदार पाटीच दाखवतो. एका प्रदर्शनात मी ‘शुद्ध खादी’ म्हणून कापड घेतलं होतं. भाव निम्म्यावर, रंग झगझगीत. शिंप्यानं कडेचा दोरा ओढून काडीला लावला, तर तो वितळून त्याचा काळा टणक मणी झाला. सुती धागा असा वितळत नाही. तो जळलेल्या कागदासारखा वास देतो आणि त्याची राख होते. पावती नव्हती, स्टॉल उठून गेला होता, विचारायला माणूस उरला नव्हता. पैसे गेले त्याचं फारसं नाही. जिच्या हाताला चार पैसे मिळतील असं वाटत होतं ती कातणारी त्या कापडात कुठेच नव्हती, याचं मला जास्त वाईट वाटलं. तेव्हा ‘खादी’, ‘सेंद्रिय’, ‘गावरान’ या शब्दांवर पैसे टाकू नका. खादीला 2013 पासून ‘खादी मार्क’ आहे. तो पाहा, पावती घ्या, दुकानदार टाळाटाळ करत असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

आणि मार्क दिसला म्हणजे सगळं झालं असंही नाही. आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. पण मानांकन गाव सांगतं, मजुरी सांगत नाही. हळद खणणं, शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं यात किती हात राबतात आणि त्यांना काय मिळतं, हे शेतकऱ्याला सरळ विचारावं लागतं. मी विचारते. बरेच जण मोकळेपणानं सांगतात, कुणी विचारलं याचंच त्यांना बरं वाटतं.

खरी कसोटी मात्र हळद-खादीत नाही. ती गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आहे.

आमच्या गल्लीत असं एक दुकान होतं. कापसाचा चुकारा हाती येईपर्यंत कितीतरी घरांचं मीठ-तेल तिथल्या वहीवर चालायचं. एखाद्याचा पगार अडला तरी मालक म्हणायचे, “राहू द्या न काकू, पुढच्या महिन्यात द्याल.” त्यावर व्याज नव्हतं, कागद नव्हता. मग शहरात मोठं सुपरमार्केट आलं. नोकरदार घरं महिन्याचं रोखीचं सामान तिकडून आणू लागली आणि निकड पडली की इकडे वहीवर लिहून नेऊ लागली. जे रोख देत होते तेच गेल्यावर उधारी पेलायला मालकांकडे भांडवल राहिलं नाही. पुढे दुकान बंद झालं.

त्याची झळ सुपरमार्केटला जाणाऱ्यांना लागली नाही. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई म्हणाली, “काकू, आता आमाले उदारीनं कोन देईन?” ती दहा रुपयांची चहापत्ती आणि वाटीभर तेल घेणारी, एवढं कमी सामान मोठ्या दुकानात मिळत नाही. पुढं पोराच्या आजारपणात हातचे पैसे औषधाला गेले आणि घरात धान्य भरायला तिनं आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज उचललं. गल्लीनं वाचवलेल्या पैशाचं व्याज ती भरत होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून माझं सांगणं पगारदारांना आहे. जिचं महिन्याचं गणितच बसत नाही, तिनं जिथं स्वस्त मिळेल तिथूनच घ्यावं. तिला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार कुणालाही नाही. ज्यांना चार पैसे जास्त गेले तरी जेवण कमी होत नाही, त्यांनी मात्र निवड करावी. सगळं सोडा असं मी म्हणत नाही. मीही काही वस्तू मोठ्या दुकानातूनच आणते, तिथं काम करणारी पोरंही आपल्याच जिल्ह्यातली असतात. पण जिथं उधार मागायची वेळ येऊ शकते, तिथं रोखीचाही काही वाटा द्यायला हवा. दुकानात कापड हाताळायचं, माप घालून पाहायचं आणि तेच मोबाइलवर मागवायचं, हे टाळावं. त्या माणसाचा वेळही त्याचं भांडवलच आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यातून पालेभाजीची पाटी घेऊन आलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये. तिच्याकडे छापील किंमत नसते, एवढ्यानं ती नडलेली ठरवून घेणं बरं नव्हे.

आणि ज्या दुकानदाराला टिकवायचं, त्यानंही सचोटीनं वागायला हवं. वजनकाट्यात गडबड, मुदत संपलेला माल, नोकर पोरावर आरडाओरडा, हे दिसलं तर ‘आपला माणूस’ म्हणून सोडू नका. आधी तोंडावर सांगा. न ऐकलं तर दुसरं दुकान धरा.

कोपऱ्यावरच्या दुकानात तुमच्या नावावर जुनी बाकी असेल, तर पुढचं सामान कुठूनही भरण्याआधी ती चुकती करा.